आयकॅनचा सीईओ नेमका कोणाला उत्तर देतो?

संकेतस्थळाच्या .कॉम किंवा .ऑर्ग नावाचं, म्हणजे डोमेनचं, वार्षिक नूतनीकरण केलं की बिलात कधीकधी एक बारीक ओळ दिसते: आयकॅन शुल्क. आयकॅन म्हणजे इंटरनेटवरच्या या नावांचा जगभरचा कारभार बघणारी संस्था. जुलै २०२५ पर्यंत ते नावामागे वर्षाला १८ सेंट होतं, आता २० सेंट आहे, म्हणजे आपले सतरा-अठरा रुपये. बऱ्याचदा ही ओळ वेगळी दाखवतही नाहीत, किमतीतच मिसळून टाकतात. पण जगभरातून गोळा होणाऱ्या अशा चिल्लर रकमांवरच ही संस्था मुख्यतः चालते, आणि तिचं वार्षिक अंदाजपत्रक आता साधारण साडेचौदा कोटी डॉलरचं आहे.

या संस्थेचा सीईओ वादात सापडल्याच्या बातम्या दर दोन-चार वर्षांनी येतात. कुणी म्हणतं तो मनमानी करतो, कुणी म्हणतं निर्णयच घेत नाही, कुणी त्याच्या पुढच्या नोकरीकडे बोट दाखवतं. वाचणाऱ्याची पंचाईत अशी होते की, कंपनीचा सीईओ चुकला तर भागधारक त्याला जाब विचारतात, मंत्री चुकला तर मतदार विचारतात. इथे तर भागधारकही नाहीत आणि मतदारही नाहीत. मग जाब विचारायचा कोणी, आणि कसा?

ही संस्था करते तरी काय

ब्राउझरमध्ये आपण एखादं नाव टाकतो तेव्हा संगणक ते मागून पुढे वाचतो. आधी शेपूट बघतो: .ऑर्ग आहे, .इन आहे की .भारत. त्या शेपटीची वही कोणाकडे आहे हे सांगणारी सगळ्यात वरची एक यादी असते, तिला रूट झोन म्हणतात. यादी छोटीच आहे, त्यात चौदाशेच्या वर शेपट्यांच्या नोंदी आहेत. गावात जमिनी शेकडो असतात, पण कुठल्या गावचं दप्तर कुठल्या तलाठ्याकडे आहे हे तालुक्याच्या एका कागदावर मावतं, तसंच हे.

प्रत्येक शेपटीची वही सांभाळणाऱ्या संस्थेला रजिस्ट्री म्हणतात. आपण ज्या दुकानातून नाव विकत घेतो तो रजिस्ट्रार. वरच्या यादीत कोणाची नोंद घालायची, रजिस्ट्रीशी कोणत्या अटींवर करार करायचा आणि रजिस्ट्रारला परवाना द्यायचा की नाही, ही आयकॅनची कामं. हा कारभार पूर्वी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले जॉन पोस्टेल जवळपास एकहाती बघत. सप्टेंबर १९९८ मध्ये आयकॅनची ना-नफा संस्था म्हणून नोंदणी झाली आणि पुढच्याच महिन्यात, १६ ऑक्टोबरला पोस्टेल वारले. एका माणसाच्या शब्दावर चालणारं काम नियम, समित्या आणि पगारी कर्मचारी असलेल्या संस्थेकडे आलं. सीईओ हे पद तिथून सुरू होतं.

संकेतस्थळावर काय छापलंय याच्याशी आयकॅनचा संबंध नाही. .इन सारख्या देशांच्या शेपट्यांची किंमतही ती ठरवत नाही. फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी युक्रेनचे उपपंतप्रधान मिखाइलो फेदोरोव यांनी रशियाच्या शेपट्या रद्द करा असं पत्र आयकॅनला लिहिलं. तेव्हाचे सीईओ गोरान मार्बी यांनी दोन-तीन दिवसांत नकार कळवला: संस्था तटस्थ आहे, आणि एकतर्फी अशी कारवाई करणं तिच्या अधिकारात बसत नाही. त्या नकारावरही टीका झाली. पण ज्याच्या सहीने एखाद्या देशाची नावं जगाच्या यादीतून उडू शकतात, तो सीईओ कोणाला हवाय? नकार योग्य होता.

सोसायटी नव्हे, ट्रस्ट

महाराष्ट्रात हा फरक समजवावा लागत नाही. गृहनिर्माण सोसायटीत फ्लॅट घेतला की आपण सभासद होतो. वार्षिक सर्वसाधारण सभेत उभं राहून सेक्रेटरीला हिशेब विचारता येतो, पुढच्या निवडणुकीत त्याला पाडता येतं. ट्रस्टचं तसं नसतं. एखाद्या देवस्थानाला लाखो भाविक देणगी देतात, पण विश्वस्त निवडताना त्यांना मत नसतं. विश्वस्तांवर देखरेख असते ती धर्मादाय आयुक्तांची.

आयकॅन ट्रस्टच्या जातीची आहे. शुल्क आपण भरतो, पण आपण तिचे सभासद नाही. तिची नोंदणी कॅलिफोर्नियात आहे आणि तिथे धर्मादाय आयुक्तांसारखं काम राज्याचे अॅटर्नी जनरल करतात. ही गोष्ट पुढे फार कामाला आली.

संचालक मंडळात मत असलेल्या १६ जागा आहेत. आठ जण एक निवड समिती नेमते. दोन आयपी पत्ते (इंटरनेटवरच्या यंत्रांना मिळणारे क्रमांक) वाटणाऱ्या संस्थांकडून, दोन देशांच्या शेपट्या चालवणाऱ्यांकडून, दोन .कॉम-.ऑर्गच्या दुनियेतून आणि एक सामान्य वापरकर्त्यांच्या गटाकडून येतो. सोळावी जागा सीईओची. तो नोकर आहे आणि संचालकही आहे, ही गोम लक्षात ठेवावी. मंडळाने सीईओवर देखरेख ठेवायची, आणि त्याच मंडळात त्याचंही एक मत.

एकदा खरीखुरी निवडणूकही झाली होती. २००० साली पाच खंडविभागांतून एकेक असे पाच संचालक जगभरच्या वापरकर्त्यांनी ऑनलाइन निवडले. नाव नोंदवणाऱ्याला पिन क्रमांक टपालाने घरी पाठवला जायचा आणि त्यावरून मतदान करायचं. सुमारे ३४ हजार लोकांनी मत दिलं. उत्तर अमेरिकेतून कार्ल ऑअरबाख निवडून आले, आणि सीईओला जाब कोण विचारणार या प्रश्नाची पहिली कसोटी त्यांच्यामुळेच लागली.

हिशेबाची वही बघायला कोर्टात जावं लागलं

ऑअरबाख यांनी संचालक म्हणून संस्थेची हिशेबाची पुस्तकं बघायला मागितली. त्यात काही वावगं नव्हतं. कॅलिफोर्नियाच्या ना-नफा संस्थांच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की, प्रत्येक संचालकाला कोणत्याही वाजवी वेळी सगळी दप्तरं तपासण्याचा आणि त्यांच्या प्रती घेण्याचा निरपवाद हक्क आहे. पण व्यवस्थापनाने अट घातली: आधी आमच्या कार्यपद्धतीवर सही करा, आणि काय गोपनीय ते आम्ही ठरवू. तेव्हा सीईओ होते स्टुअर्ट लिन.

इथे व्यवस्था उलटी झाली होती. ज्याच्यावर देखरेख ठेवायची तोच देखरेख ठेवणाऱ्याला अटी घालत होता. सोसायटीच्या मॅनेजरने कमिटी मेंबरला सांगावं की व्हाउचर बघायचे असतील तर आधी माझ्या अर्जावर सही करा, तसं. ऑअरबाख यांनी सही केली नाही, मार्च २००२ मध्ये दावा लावला, आणि जुलैमध्ये लॉस एंजलिसच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

त्याच वर्षी लिन यांनी संस्थेच्या फेररचनेचा आराखडा मांडला आणि थेट निवडणुकीची पद्धत गेली. जगभर मतदान घेणं किचकट आणि महाग होतं, हा त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. पण परिणाम असा झाला की वही मागणारा संचालक ज्या दारातून आत आला होता तेच दार बंद झालं.

कुठली टीका कशावर आहे हे आधी बघावं

सीईओवरच्या तक्रारी वरवर सारख्या दिसतात, पण मुळात वेगवेगळ्या असतात.

काही बोलण्यावरून होतात. मार्च २०१० मध्ये नैरोबीच्या बैठकीत तेव्हाचे सीईओ रॉड बेकस्ट्रॉम यांनी सरकारी प्रतिनिधींसमोर सांगितलं की नावांची ही यंत्रणा पूर्वीपेक्षा जास्त नाजूक झाली आहे आणि कधीही बंद पडू शकते. देशोदेशींच्या रजिस्ट्रीवाल्यांनी याला जोरदार आक्षेप घेतला, कारण ती यंत्रणा प्रत्यक्ष चालवणारे तेच आणि त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. सरकारांना घाबरवलं की ती नियंत्रण मागतात, ही त्यांची भीती रास्त होती. पण हा दोष जिभेचा. तो एका बैठकीत दुरुस्त होऊ शकतो.

काही तक्रारी अंमलबजावणीच्या असतात. २०१२ मध्ये नव्या शेपट्यांसाठी अर्ज मागवले, एकेका अर्जाचं शुल्क १,८५,००० डॉलर. १२ एप्रिलला अर्जांची संगणक प्रणाली बंद करावी लागली, कारण काही अर्जदारांना दुसऱ्यांच्या फायलींची आणि खात्यांची नावं दिसत होती. ज्या स्पर्धेत कोण कोणतं नाव मागतोय हेच गुपित, तिथे फाइलचं नाव दिसलं तरी घात होतो. प्रणाली पूर्ववत व्हायला महिन्याहून जास्त वेळ गेला. मग अर्ज कोणत्या क्रमाने तपासायचे हे ठरवण्यासाठी एक योजना आणली: ठरलेल्या क्षणाच्या जास्तीत जास्त जवळ ज्याची क्लिक पडेल तो पुढे. यात अर्जाच्या गुणवत्तेचा काही संबंध नव्हता, नेटवर्क कोणाचं वेगवान याचीच परीक्षा होती. ती जूनमध्ये रद्द झाली. अर्ज आले होते १,९३०. इथे सीईओला धारेवर धरणं योग्यच, कारण काम करून घेणं हीच त्याची नोकरी.

तिसरी जात उशिराच्या तक्रारींची, आणि ती फसवी असते. युरोपचा खासगी माहिती संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू होणार हे दोन वर्षं आधी ठरलेलं होतं. तोवर डोमेन कोणी घेतलंय याचं नाव, पत्ता, फोन कोणालाही उघड बघता यायचा. ते कायद्यात बसणार नव्हतं. आयकॅनने तात्पुरता नियम मंजूर केला १७ मे रोजी, म्हणजे आठ दिवस आधी. जर्मनीतल्या एका रजिस्ट्रारने काही माहिती गोळा करणंच थांबवलं, आयकॅन बॉनच्या न्यायालयात गेली आणि मेअखेरीस तिची मागणी फेटाळली गेली. मार्बी यांच्यावर सडकून टीका झाली. पण आयकॅनमध्ये धोरण सीईओ ठरवत नाही. रजिस्ट्री, रजिस्ट्रार, ट्रेडमार्कवाले, वापरकर्ते अशा गटांच्या समित्या ते ठरवतात, आणि त्यांचं वर्षानुवर्षं एकमत होत नव्हतं. सीईओला दोष द्यायचा तो एवढ्यापुरता की त्याने धोक्याची घंटा वेळेवर वाजवली का. धोरणाच्या उशिराचं खापर त्याच्या एकट्याच्या माथी मारणं बरोबर नाही.

उलटही होतं. टीका सीईओवर होते आणि निर्णय मंडळाचा असतो. २०१३ च्या शरदात तेव्हाचे सीईओ फादी शहादे ब्राझीलच्या राष्ट्राध्यक्षांना भेटून आले आणि त्यातून २०१४ ची साओ पाउलोची मोठी परिषद उभी राहिली. परस्पर राजकारण करतात म्हणून त्यांच्यावर ओरड झाली. नंतर समजलं की मंडळाने सप्टेंबरमध्येच त्यासाठी एक गोपनीय ठराव केला होता. तो नोव्हेंबरमध्ये बाहेर आला. म्हणजे प्रश्न सीईओ का गेला हा नव्हता, मंडळाने ठराव लपवला का हा होता.

पुढच्या नोकरीचा प्रश्न

सीईओ पदावर असताना पुढचं बघतोय, ही शंका सगळ्यात जास्त झोंबते. डिसेंबर २०१५ मध्ये चीनमधल्या वुझेनच्या इंटरनेट परिषदेच्या उच्चस्तरीय सल्लागार समितीचं सहअध्यक्षपद शहादे यांनी स्वीकारलं. आयकॅनमधून ते मार्च २०१६ मध्ये जाणार होते आणि समितीचं काम त्यानंतर, असा खुलासा झाला. तरी फेब्रुवारीत टेड क्रूझ यांच्यासह तीन अमेरिकी सिनेटरांनी जाब विचारणारं पत्र लिहिलं. वेळ नाजूक होती. अमेरिकी सरकार रूट झोनवरचा आपला कराराचा ताबा सोडण्याच्या बेतात होतं आणि ते सप्टेंबर २०१६ च्या शेवटी सोडलंही. अशा वेळी सीईओने कडक इंटरनेट निर्बंधांच्या देशाचं पद घेणं म्हणजे विरोधकांच्या हाती आयतं कोलीत देणं.

संचालकांच्या बाबतीत तर हे आधीच घडलं होतं. जून २०११ मध्ये सिंगापूरला नव्या शेपट्यांची योजना मंजूर झाली तेव्हा पीटर डेंगेट थ्रश मंडळाचे अध्यक्ष होते. काही आठवड्यांतच ते अशा शेपट्यांचा धंदा करणाऱ्या कंपनीत मोठ्या पदावर गेले. डिसेंबरमध्ये मंडळाने नियम केला की, ज्या अर्जावर संचालकाने मत दिलं त्या रजिस्ट्रीशी निर्णयानंतर बारा महिने नोकरीचा किंवा कराराचा संबंध ठेवायचा नाही. मार्च २०१२ मध्ये सीईओ बेकस्ट्रॉम यांनीच कोस्टा रिकातल्या व्यासपीठावरून मंडळातले हितसंबंध आणखी आवळायला हवेत असं बोलून दाखवलं. आपल्या मालकांविरुद्ध सीईओ उघड बोलला, हे क्वचितच घडतं. ते जुलैमध्ये पद सोडणारच होते, म्हणून बोलू शकले असणार. पण मुद्दा खरा होता.

.ऑर्ग: सही कोणाची, निर्णय कोणाचा

.ऑर्ग ही शेपूट आपल्याकडच्या कितीतरी ग्रंथालयांनी, शाळांच्या ट्रस्टनी आणि सेवाभावी संस्थांनी घेतलेली आहे. जगात अशी एक कोटीच्या वर नावं आहेत. तिची वही २००३ पासून एका ना-नफा रजिस्ट्रीकडे आहे आणि ती रजिस्ट्री इंटरनेट सोसायटी नावाच्या दुसऱ्या ना-नफा संस्थेच्या मालकीची.

जुन्या करारात किमतीवर मर्यादा होती: वर्षाला जास्तीत जास्त १० टक्के वाढ. घाऊक भाव तेव्हा ९ डॉलर ९३ सेंट होता. आता १० टक्के ऐकायला कमी वाटतात. पण दरवर्षी पूर्ण वाढ केली तर दहा वर्षांत हाच भाव पावणेसव्वीस डॉलरवर जातो. म्हणजे मर्यादाही काही फार कंजूष नव्हती. तरीही ती वरची कड होती आणि संस्थांना पुढचा खर्च मांडता येत होता.

२०१९ च्या नूतनीकरणात ही कड काढायचा प्रस्ताव आला. सूचना-हरकती मागवल्या तर तीन हजारांहून जास्त आल्या आणि बहुतेक सगळ्या विरोधात. सह्या व्हायच्या त्या ३० जूनला झाल्या. मंडळाने उघड बैठकीत ठराव मांडून, चर्चा करून, मत नोंदवून हा निर्णय घेतला नाही. मंडळाशी आतल्या आत बोलणं झालं आणि सीईओच्या कार्यालयाने करार पुढे नेला.

साडेचार महिन्यांनी, १३ नोव्हेंबरला बातमी आली: इंटरनेट सोसायटी ही रजिस्ट्री एथॉस कॅपिटल नावाच्या नव्या खासगी गुंतवणूक कंपनीला १ अब्ज १३.५ कोटी डॉलरला विकणार. एथॉसचे प्रमुख आधी अॅब्री पार्टनर्स या गुंतवणूक कंपनीत होते. शहादे आयकॅन सोडल्यावर अॅब्रीचे सल्लागार झाले होते आणि आता एथॉसलाही सल्ला देत होते. आयकॅनमधली त्यांची एक जुनी वरिष्ठ सहकारी एथॉसमध्ये पदावर होती. यात बेकायदेशीर काही घडल्याचं कोणत्याही न्यायालयाने म्हटलेलं नाही. पण आधी किमतीची कड निघाली, मग विक्री जाहीर झाली, आणि खरेदीदाराच्या बाजूला माजी सीईओ बसलेला, हे बघून लोकांचा विश्वास उडाला तर त्यांना दोष देता येत नाही.

इंटरनेट सोसायटीचे तेव्हाचे सीईओ अँड्र्यू सुलिव्हन यांचं म्हणणं असं होतं की, एका शेपटीच्या उत्पन्नावर अवलंबून राहण्यापेक्षा कायमचा निधी उभा राहिला तर संस्था जास्त मजबूत होईल. हा युक्तिवाद धुडकावून लावण्यासारखा नाही. घरभाड्यावर जगणाऱ्या ट्रस्टला इमारत विकून मुदत ठेव करावीशी वाटते, तसाच तो आहे. फक्त त्या इमारतीत भाडेकरू राहत असतात. आणि इथे खरेदीसाठी ३६ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं जाणार होतं. त्याचे हप्ते शेवटी नूतनीकरणाच्या बिलांतूनच फिटणार होते. एथॉसने आठ वर्षं सरासरी १० टक्क्यांहून जास्त वाढ करणार नाही असं वचन दिलं. हिशेब केला तर तेवढ्यातही भाव दुपटीच्या वर जातो.

जानेवारी २०२० मध्ये आयकॅनच्या लॉस एंजलिसमधल्या कार्यालयाबाहेर निदर्शनं झाली. पण पारडं फिरलं ते १५ एप्रिलच्या एका पत्राने. कॅलिफोर्नियाचे अॅटर्नी जनरल हावियर बेसेरा यांनी हा व्यवहार नाकारा असं आयकॅनला लेखी सांगितलं. कॅलिफोर्नियातल्या ना-नफा संस्थेवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचं पत्र बाजूला ठेवता येत नाही. ३० एप्रिलला मंडळाने संमती नाकारली. कारणं साधी होती: लोकहितासाठी चालणारी रजिस्ट्री नफ्यासाठीच्या कंपनीकडे जाणार, तिच्यावर मोठं कर्ज चढणार, आणि नावधारकांच्या संरक्षणाची भक्कम योजना नाही.

विक्री थांबली, किमतीची कड मात्र परत आली नाही. त्यावर नेमचीप या रजिस्ट्रारने स्वतंत्र लवादाकडे तक्रार केली होती. डिसेंबर २०२२ मध्ये लवादाचा निष्कर्ष आला की किमतीच्या निर्णयाची पद्धत आयकॅनच्या स्वतःच्या नियमांत बसत नव्हती. एवढा मोठा निर्णय मंडळाने उघडपणे घ्यायला हवा होता, तो कर्मचाऱ्यांवर सोडून चालणार नव्हतं. सगळ्या वादातला माझ्या मते हाच सर्वांत मोलाचा कागद. कारण त्यात सीईओ चांगला की वाईट यावर काथ्याकूट नाही. सही त्याची चालेल, निर्णय मंडळाचा हवा, एवढी रेघ त्याने ओढून दिली.

मग सरकारांकडेच का देऊ नये?

हा प्रश्न भारतात हमखास येतो. सरकारांना आयकॅनमध्ये सल्लागार समिती आहे, आणि तिचा एकमताचा सल्ला मंडळाला सहज डावलता येत नाही. पण थेट ताबा दिला तर युक्रेनसारखी मागणी दर युद्धात येईल आणि त्या वेळी नकार देणारा कोणी उरणार नाही. शिवाय सरकारी कारभारात वही बघायला मिळतेच असंही नाही.

दुसरा आक्षेप असा की, एवढी टीका झाली तर चांगला माणूस हे पद घेणारच नाही. पण नोंदी बघितल्या तर पद रिकामं राहिलेलं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मार्बी यांनी अचानक राजीनामा दिला, सॅली कॉस्टरटन यांनी हंगामी सीईओ म्हणून दोन वर्षं काम चालवलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये कुर्टिस लिंडक्विस्ट आले. त्या दोन वर्षांत नावांची यंत्रणा क्षणभरही अडली नाही. यंत्रणा एका माणसावर उभी नाही, ही पोस्टेल यांच्यानंतरची खरी कमाई आहे.

तिसरा आक्षेप जास्त जड आहे: अमेरिकी सरकारचा ताबा २०१६ मध्ये सुटला, आता सीईओला काढणार कोण? तेव्हा नियमांत एक नवी रचना घातली गेली. पाच गट मिळून तिला अधिकारप्राप्त समुदाय म्हणतात. ते अंदाजपत्रक फेटाळू शकतात, एखाद्या संचालकाला काढू शकतात, अगदी पूर्ण मंडळ बरखास्त करू शकतात. बरखास्तीला पाचपैकी चार गटांचा पाठिंबा लागतो आणि विरोध एकापेक्षा जास्त गटांचा चालत नाही. पण नियम नीट वाचला की दिसतं, मंडळ बरखास्त होतं ते सीईओ सोडून. त्याला काढायचा अधिकार मंडळाकडेच राहतो. याला त्रुटी म्हणणारे आहेत. मला ते बरोबर वाटत नाही. कर्मचाऱ्याला कामावरून काढायला पाच गटांचं मतदान घेतलं तर ते पद राजकीय होईल. म्हणून तक्रारीचा रोख सीईओवर न ठेवता, त्याला सांभाळणाऱ्या मंडळावर ठेवायचा.

तक्रार कुठे आणि कशी करायची

कोणत्याही देशातल्या साध्या नावधारकाला पुढच्या वाटा खुल्या आहेत आणि पहिल्या तिन्हींना वकील लागत नाही.

हरकती-सूचनांची मुदत सहसा किमान ४० दिवसांची असते. तिथे एकाच मजकुराची शेकडो पत्रं पाठवली की अहवालात ती एका वाक्यात आटोपतात, हे .ऑर्गच्या वेळी दिसलं. त्यापेक्षा कराराचं कलम, त्याने होणारा खर्च आणि हवा तो पर्यायी मजकूर असं एक पान जास्त काम करतं.

माहितीच्या अधिकारासारखी सोय आहे, तिला कागदपत्र-प्रकटन धोरण म्हणतात. अर्ज आल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘निर्णय का घेतला’ असं विचारलं तर हाती काही लागत नाही, कारण कागद मागायचा असतो, खुलासा नाही. ठराविक तारखेचं सादरीकरण, मंडळाला पाठवलेली टिपणी, पत्रव्यवहार असं नाव घेऊन मागावं. पगाराचे आकडे मागायची गरज नाही. अमेरिकेत ना-नफा संस्थेला दरवर्षी नमुना ९९० चं विवरण भरावं लागतं आणि त्यात वरिष्ठ अधिकाऱ्यांचं मानधन नावानिशी छापलेलं असतं.

निर्णयाने प्रत्यक्ष नुकसान झालं असेल तर फेरविचार अर्ज करता येतो, समजल्यापासून ३० दिवसांत. बहुतेक अर्ज इथेच पडतात, कारण अर्जदार निर्णय चुकीचा होता हे सांगत बसतो. तपासलं जातं ते एवढंच की निर्णय घेताना संस्थेचा कुठला नियम मोडला, कुठली माहिती विचारात घेतली नाही. ते कलम दाखवता आलं नाही तर अर्ज फुकट. त्यानंतरचा टप्पा स्वतंत्र लवादाचा. तो खर्चिक आहे, वर्षानुवर्षं चालतो, म्हणून तिथे कंपन्याच दिसतात.

आणि प्रत्यक्ष जाऊन विचारता येतं. आयकॅनच्या बैठकींना प्रवेशशुल्क नसतं आणि त्या ऑनलाइनही चालतात. भारतात त्या दिल्लीला २००८ मध्ये आणि हैदराबादला नोव्हेंबर २०१६ मध्ये झाल्या, आणि मार्च २०२६ च्या ८५व्या बैठकीसाठी मुंबईची निवड झाली. खुल्या सत्रात कोणीही माइकपुढे उभं राहू शकतं. बोलायला दोनेक मिनिटंच मिळतात, म्हणून प्रश्न आधी लिहून न्यावा: अमुक निर्णय कोणत्या तारखेच्या ठरावाने झाला, आणि त्यावर कोणी कसं मत दिलं? उत्तर द्यायला समोर पूर्ण मंडळ बसलेलं असतं, आणि त्यातच सोळावं मत असलेला सीईओही.